सुप्रभातातला कट

गुप्ततेवाचून सत्तांतर होत नाही, असं सीतारामभाऊंचं ठाम मत होतं. सत्ता म्हणजे मुलुंड पूर्वेतल्या एका चार मजली सोसायटीचं सेक्रेटरीपद. ते दहा वर्षं बर्नार्डकडे होतं, आणि त्या दहा वर्षांत भाऊंच्या वाट्याला आली ती फक्त पाण्याच्या टाकीची देखरेख. सत्तरी जवळ आली होती. यंदा नाही जमलं तर पुढची संधी पाच वर्षांनी, बहुधा भिंतीवरच्या फोटोतून.

सेक्रेटरी निवडायला नव्या कमिटीची बैठक तीन आठवड्यांनी, रविवारी होती. एक सूचक, एक अनुमोदक, एवढंच लागणार होतं. सूचक ठरला काशीराम, जो समोरच्याच दारात राहायचा. अनुमोदक शकुताई, वरच्या मजल्यावरच्या. बेल वाजवून सांगता आलं असतं; पण बेल काय, दूधवालाही वाजवतो. भाऊंनी मोबाईलवर एक ॲप घेतलं. त्यात फोटोच्या पोटात मजकूर लपवता येतो आणि पासवर्ड घातला की तो बाहेर येतो. दोघांनाही ते घ्यायला लावलं आणि टाकीवर नेऊन पासवर्ड कानात सांगितला.

मग तीन आठवडे सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी भाऊंचं सुप्रभात झळकलं. गुलाबात डावपेच, सूर्योदयात बर्नार्डचे गुन्हे, आणि शनिवारच्या कमळात अंतिम आदेश: काशीरामने नाव सुचवायचं, शकुताईंनी अनुमोदन द्यायचं. बर्नार्ड प्रत्येक फोटोखाली न चुकता हात जोडायचा. शत्रू आपल्याच कटाला नमस्कार करतोय, या विचाराने भाऊंना बिनसाखरेचा चहाही गोड लागे. संध्याकाळी गेटपाशी ते ओठ न हलवता विचारत, "पोचलं?" दोघंही गंभीरपणे मान डोलावत.

रविवारी कमिटीतल्याच जोॲनने बर्नार्डचं नाव सुचवलं. आणखी कुणाचं नाव आहे का, असं अध्यक्षांनी विचारलं. भाऊंनी सत्काराला बसल्यासारखी मान खाली घातली. काशीराम वेफर्स खात होता. शकुताई पंख्याकडे बघत होत्या. बर्नार्ड बिनविरोध निवडून आला आणि त्याने टाकीचं काम पुन्हा भाऊंकडेच सोपवलं, अनुभव बघून.

जिन्यात भाऊंनी काशीरामला गाठलं.

"कालच्या फोटोत काय होतं रे?"

"कमळ."

"आणि कमळात?"

"भुंगा होता काय? नीट बघितलं नाही, भाऊ."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पासवर्ड घालून त्याला एकदाही काही दिसलं नव्हतं. पण शकुताईंना दिसत असणार, मग आपणच ढ कशाला ठरायचं, म्हणून तो मान डोलावत राहिला. शकुताईंनीही हेच सांगितलं, फक्त काशीरामचं नाव घेऊन.

घरी येऊन भाऊंनी ॲपची माहिती पहिल्यांदाच वाचली. ग्रुपवर टाकलेला फोटो आपोआप लहान होतो, आणि लहान होताना आतला मजकूर पुसला जातो.