शेपटीचं चाक

सगळे जिला ‘पक्कड मावशी’ म्हणत, तिचा छोट्या विमानांच्या दुरुस्तीत हात धरणारं कुणी नव्हतं, आणि तिच्याशी वाद घालून जिंकलेलंही कुणी नव्हतं. म्हणून भाची शेडमध्ये स्टूल ओढून बसली आणि म्हणाली, "माझ्या विमानाचं पुढचं चाक काढ, मला शेपटीचं चाक परत लावून दे," तेव्हा मावशीनं हातातला कपसुद्धा खाली ठेवला नाही.

"वेड लागलंय का तुला? विमानाच्या किमतीपेक्षा खर्च जास्त येईल."

भाची गुरांची डॉक्टर. लांबच्या गोठ्यांवर जायला तिनं हे साठ वर्षांचं, कापडी अंगाचं विमान घेतलं होतं. गेल्या महिन्यात ओल्या कुरणात त्याचं पुढचं चाक रुतलं आणि नाकावरचा फिरता पंखा जमिनीला घासता घासता वाचला. मुळात ते शेपटीवर टेकणारं विमान. सत्तावीस वर्षांपूर्वी तेव्हाच्या मालकाच्या हट्टापायी मावशीनंच शेपटीचं चाक काढून नाकाखाली चाक बसवलं होतं आणि पोटाखालची दोन मोठी चाकं मागे सरकवली होती.

"बदल पूर्ववत करता येईल, असं तूच लिहून दिलंयस."

"येईल म्हटलं होतं. परवडेल असं कुठं म्हटलं?"

"आधी उघडून बघ. मग नाही म्हण."

पोरीचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून मावशीनं पोटाखालचं कापड फाडलं. मागे सरकवलेल्या चाकांचा भार पेलणाऱ्या नळ्यांवर तिनं टोच्या दाबला, आणि तो चक्क आत गेला. मावशीच्याच वेल्डिंगच्या जोडाला बारीक भोक राहिलं होतं. तिथून ओल शिरून नळी आतून गंजली होती.

मावशीनं टोच्या बाहेर काढला. रंगाचा एक हात मारला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण तिनं हाक मारली, "इकडे ये. हे बघ, ही माझी चूक. यात बसून उतरत होतीस तू."

भाची येऊन मावशीच्या खांद्याला खांदा लावून बसली.

मग मावशी कागद घेऊन हिशेबाला लागली. गंजलेल्या नळ्या आता कापाव्याच लागणार. पुढचं चाक ठेवायचं, तर या मागच्या जागी सगळा सांगाडा नव्यानं घडवावा लागणार. पण मोठ्या चाकांची मूळ जागा पुढे होती, आणि तिथले जुने जोड ठणठणीत होते.

"उलटं फिरवणंच स्वस्त पडतंय की! सामानाचे पैसे तुझे, मजुरी माझ्याकडून. त्यावर एक शब्द बोलायचा नाही."

सात आठवडे लागले. विमानांच्या सरकारी तपासनिसानं जोड दोनदा ठोकून पाहिले आणि सही केली. शेपटीच्या चाकावर उतरायला भाची नव्यानं शिकली. पहिल्या दिवशी बेडकासारख्या उड्या मारल्या, पाचव्या दिवशी अलगद टेकली.

ती अडलेल्या गाईसाठी उडून गेली, तशी मावशीनं कपाटातून जुन्या फायली काढल्या. असाच बदल तिनं आणखी तीन विमानांत केला होता. तिनं त्यातल्या पहिल्या विमानाच्या मालकाला फोन लावला.

"विमान शेडमधून बाहेर काढू नका," ती म्हणाली. "मी उद्या येतेय."