वाकडं अंगण

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

सरांचा तो आवाज अजून माझ्या कानात काठोकाठ भरलेल्या कळशीसारखा हिंदकळतो. ताईच्या प्रोजेक्टचं प्रात्यक्षिक होतं आणि मी मोठ्या कौतुकानं मागच्या बाकावर बसले होते. तिनं कंपायलर, म्हणजे एका भाषेतला प्रोग्राम दुसरीत उतरवणारा दुभाषी, लिहिला होता सरांच्या यंत्रासाठी. यंत्र म्हणजे संगणकाच्या पोटात चालणारं, सरांनीच घडवलेलं सॉफ्टवेअर. शून्याखालची तापमानं क्रमानं लावायची होती. क्रम उलटा आला. "सर, चूक यंत्रात असावी," एवढंच ती म्हणाली. सरांनी म्हण फेकली, वर्ग खदखदला. ताईनं शिक्षण सोडलं. हसणंही सोडलं.

मग त्याच सरांकडे प्रोजेक्ट करायची माझी पाळी आली. छोटी भाषा आपण रचायची आणि कंपायलरनं ती कुठल्या भाषेत उतरवायची, तेही आपणच ठरवायचं.

"सी भाषा घे गं बाई," मैत्रीण म्हणाली. "मळलेली वाट. पायात काटा नाही."

"मला सरांच्या यंत्राची भाषा हवी."

"ते म्हातारं सॉफ्टवेअर? डोकं ठिकाणावर आहे ना? नापास होशील!"

"होईन. पण एकटी नाही होणार."

सुट्टीभर मी त्या यंत्राशी झुंजले होते. त्याची दुखरी नस मला सापडली होती.

माझी निवड ऐकून सर हरखले. "शेवटी कुणीतरी कदर केली! फक्त ते उणे आकडे नको हं घेऊस. उगाच वेळ जातो."

म्हणजे यांना माहीत होतं! मी गोड हसले, निखाऱ्यानं राख पांघरावी तशी.

प्रात्यक्षिकाला ताईला हाताला धरून ओढत आणलं, मागच्याच बाकावर बसवलं. पुढे बाहेरचे परीक्षक आणि विभागप्रमुख बाई. मी शून्याखालची तापमानं दिली. क्रम उलटा आला.

"सांगितलं होतं तुला!" सर कडाडले. "नाचता येईना की..."

"सर, माझा कंपायलर राहू दे बाजूला. तुम्हीच लिहा, तुमच्या हातानं, तुमच्या भाषेत. उणे नऊ लहान की उणे चार?"

"पोरखेळ आहे हा!"

"मग खेळा की," बाई म्हणाल्या.

सरांनी लिहिलं. यंत्र म्हणालं, उणे चार लहान.

कुणी हसलं नाही. मला हवं होतं, सगळ्यांनी हसावं. सर चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडे वाकले. वाटलं होतं, ऐन वेळी मला दया येईल. नाही आली.

"अजून एकदा लिहा, सर."

त्यांनी हात मागे घेतला. मागच्या बाकाशी ताई उभी राहिली होती. सर तिच्याकडे वळले आणि खुर्चीची पाठ धरून बोलले.

"त्याच संध्याकाळी कळलं होतं मला, पोरी. अंगणच वाकडं होतं. पण सरळ केलं असतं, तर तू खरी ठरली असतीस."