खग्रास पाहिजे

इतकी वर्षं मालिकांच्या गर्दीत उभं राहून मालन सातार्डेकरला पहिल्यांदाच एक वाक्य मिळालं होतं. याआधी तिने लग्नांत अक्षता टाकल्या होत्या, खोट्या बाजारात खरी वांगी चाचपली होती, दोन-तीन राजांच्या अंत्ययात्रेत ती मनापासून रडली होती. पण शब्द म्हणून तोंडातून काढायचा नाही, असा गर्दीचा नियमच असतो. आता एका ऐतिहासिक मालिकेत राजाच्या अंगणावर खग्रास सूर्यग्रहण लागणार होतं, आणि गावकऱ्यांच्या घोळक्यातून मालनने ओरडायचं होतं, "देवा परमेश्वरा, सूर्य नाहीसा झाला!"

दिंडोशीच्या बिल्डिंगमध्ये तिने ते प्रत्येक मजल्यावर म्हणून दाखवलं. दुसऱ्या मजल्यावरच्या सुगंधाने तर हात जोडले.

घोळ एवढाच होता की शूटिंग नाताळच्या दुसऱ्या दिवशी होतं, आणि त्या वर्षी, म्हणजे दोन हजार एकोणीसला, नेमकं त्याच सकाळी आभाळातही ग्रहण होतं. मुंबईत ते खग्रास नव्हतं. सूर्याचा बराचसा तुकडा जाणार होता, एवढंच. शूटिंगसाठी मढचा बंगला त्या दिवशी मोकळा का मिळाला, हे युनिटमधल्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाकीच्या युनिटांनी पंचांग बघितलं होतं.

मालनचा नवरा सहदेव मात्र पंचांग घेऊनच बसला होता. "ग्रहणात भायर पडतंस? आणि ता पण ग्रहण बघूक?"

"ता ग्रहण खोटा आसा," मालन म्हणाली.

"आणि आभाळातला?"

"तेचो आमच्याशी काय संबंध?"

सहदेवने तिच्या पर्समध्ये तुळशीची पानं कोंबली आणि स्वतः पिण्याच्या पाण्यात दर्भ सोडायला गेला.

मढच्या बंगल्याची मालकीण ल्युसी. नवरा गेल्यापासून मागच्या दोन खोल्यांत राहायची आणि पुढचा भाग शूटिंगला द्यायची. तिच्या अंगणात अजून नाताळची कागदी चांदणी लटकत होती. निधी नावाची असिस्टंट त्या चांदणीखाली उभी राहून तिला समजावत होती की शिवकाळात ही नव्हती. ल्युसी म्हणाली, "मग तुमचा राजा उद्या आण. माझी चांदणी नव्या वर्षापर्यंत राहते." शेवटी चांदणीवर सुपं लटकवली. कोंबड्यांचं कोणी काही बोललं नाही, कारण कोंबड्या शिवकाळातही होत्या.

नऊवारी नेसून मालन घोळक्यात उभी राहिली. समोर एका लाइटवाल्याने लांब बांबू धरला होता आणि बांबूच्या टोकाला हिरवा टेनिसचा बॉल खोचला होता.

"हा सूर्य," डायरेक्टर हर्षद म्हणाला. "खरं ग्रहण नंतर कॉम्प्युटरवर लावणार. तुम्ही फक्त बॉलकडे बघायचं. भीती पाहिजे, भक्ती पाहिजे, आणि थोडा आनंद, कारण दृश्य सुंदर आहे. कळलं?"

मालनने बॉलकडे बघितलं. बॉलवर कोणत्या तरी कुत्र्याच्या दातांच्या खुणा होत्या. भक्ती येईना.

"आजी, तुम्ही भाव विचारताय असं वाटतंय," हर्षद म्हणाला. "पुन्हा."

पुन्हा झालं. त्यात विमान आलं. पुन्हा झालं, तर कोंबडा मालनच्या आधी ओरडला. मग बांबूवाल्याचा हात दुखला आणि सूर्य हळूहळू खाली उतरून एका गावकऱ्याच्या पागोट्यावर टेकला. हे सगळं होईतो अंगणातला उजेड कसनुसा झाला. ढग नव्हता, संध्याकाळ नव्हती; पितळेच्या भांड्याला कल्हई नसावी तसं ऊन पडलं. मालनच्या हातावर शहारा आला.

हर्षद मॉनिटरवरून ओरडला, "लाइट का उतरतोय? सूर्यापुढे कोण आलंय?"

"चंद्र, सर," निधी म्हणाली.

"चंदू? तो तिकडे काय करतोय? बाजूला घे त्याला!"

"सर, चंदू नाही, चंद्र. आज ग्रहण आहे."

हर्षदने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "ग्रहण तर आपलं आहे ना?"

"आपलं पण आहे, सर. आणि हे वेगळं."

"मग थांबवता येणार नाही का?" असं तो खरोखरच म्हणाला; मालनने स्वतःच्या कानांनी ऐकलं. निधीनेही तोंड एवढंसं करून, "नाही सर, सॉरी," म्हटलं, जणू परवानगीचा कागद तिच्याच हातून राहून गेला होता.

मग चर्चा झाली. खऱ्या ग्रहणाचा शॉट घ्यावा, असं कॅमेरावाल्याने सुचवलं. हर्षदने ते उडवून लावलं. "हे अर्धवट आहे यार. मला खग्रास पाहिजे! शिवाय आधीच्या शॉटमध्ये लख्ख ऊन आहे. ग्रहण लागण्याआधीच ग्रहण कसं लागेल?" त्यामुळे असं ठरलं: आधी मोठे दिवे लावून अंगणात नेहमीसारखं ऊन करायचं, म्हणजे ग्रहण दिसणार नाही. मग अंगणावर काळा कपडा ओढून आणि दिवे मंद करून ते ऊन झाकायचं, म्हणजे ग्रहण दिसेल.

सगळ्यांना हे पटलं. मालनलाही पटलं, आणि पटल्याबद्दल तिला स्वतःचीच जरा भीती वाटली.

काळा कपडा बांधेपर्यंत मोकळा वेळ मिळाला. तेवढ्यात फोन वाजला.

"हयसर लागला," सहदेव दबक्या आवाजात म्हणाला, जणू चोर शिरलाय. "तुझ्याकडे लागला?"

"लागला, पण चालणा नाय. दुसरा लावतत."

सहदेव म्हणाला, "तुळस चघळ," आणि फोन ठेवला.

मालन बोलत बोलत बंगल्याच्या बाजूला आली होती. तिथे ल्युसीने नाताळचं पांढरं टेबलक्लॉथ धुऊन चिंचेखाली वाळत घातलं होतं. त्यावर वाइनचा डाग तसाच होता आणि डागाभोवती शेकडो चंद्रकोरी हलत होत्या. चिंचेच्या पानापानांच्या फटीतून उजेड गळत होता, आणि गळताना प्रत्येक ठिपक्याचा कुरतडलेला सूर्य होत होता. मालन कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग तिने हात पुढे केला. चार सूर्य तिच्या तळव्यावर आले.

"ये गो, धर," ल्युसी मागून म्हणाली. दोघींनी कपड्याची टोकं धरून तो ताणला. वारा आला की सगळ्या कोरी एकदम शहारायच्या, आणि वारा पडला की जागच्या जागी यायच्या. मालन आपलं वाक्य विसरली होती, हे तिला कळलंही नाही.

"माझी सासू सांगायची, या वेळी सुरी धरायची नाय," ल्युसी म्हणाली. "मघाशीच मी अख्खा केक कापला. आता काय होते?"

"तुमची सासू काय करायची मग?"

"दार लावून झोपायची."

बघता बघता पागोटेवाले, भालेवाले, पालखीवाले सगळे चिंचेखाली जमले. एक सरदार आपल्या ढालीवर चंद्रकोरी झेलत होता. तेवढ्यात हर्षद आला. त्याने कपड्याकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, आणि क्षणभर त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. मग कामावरचा चेहरा परत आला.

"छान आहे, पण हे डिझाइन कोणी लावलं? फ्रेममध्ये मागे येईल. झाड झाका."

चिंचेवर कपडा टाकणं काही जमलं नाही, म्हणून कॅमेरा वळवला.

शेवटी अंगणावर काळा कपडा तयार झाला. आत दिवे पेटले. बाहेर ग्रहण आणि आत टळटळीत दुपार. सूर्य बांबूवर चढला. हर्षद ओरडला, "ॲक्शन!" दोऱ्या ओढल्या, कपडा सरसरत आला, आणि ठरल्याप्रमाणे दिवे मंद करण्याऐवजी कोणीतरी सगळेच्या सगळे बंद केले.

गडद काळोख झाला. स्वतःचा हात दिसेना. पन्नासभर माणसं श्वास धरून उभी राहिली. कुठे तरी एक भाला पडला. मालन वर बघत होती, पण वर म्हणजे कुठे ते समजेना. ल्युसीच्या कोंबड्यांना मात्र नीट समजलं. रात्र झाली, म्हणून त्या मिळेल त्या उंच जागी झोपायला निघाल्या, आणि त्यातली एक जाडजूड फडफडत येऊन मालनच्या खांद्यावर बसली.

"गे बाये माझ्या!" मालनच्या तोंडून निघालं, "सूर्य खंय गेलो गे!"

त्या आवाजाने घोळका हादरला. कोणी रामरक्षा सुरू केली, पागोटेवाला खरोखर रडला. दोन सरदारांनी एकमेकांना मिठी मारली.

"कट! ओके! झकास!" हर्षद काळोखातून किंचाळला. "आजी, हेच पाहिजे होतं!"

दिवे लागले तेव्हा कोंबडी झोपलेली होती. कॅमेऱ्यात काही म्हणजे काही आलं नव्हतं, पण आवाज स्वच्छ आला होता. पुन्हा घ्यायचा प्रयत्न केला, पण मालनला तसं काही जमेना, आणि कोंबडीही तयार नव्हती. हर्षदने ठरवलं, पडदा काळाच ठेवायचा. फक्त आवाज. "खग्रास म्हणजे खग्रास," तो म्हणाला.

तो भाग लागला त्या संध्याकाळी मालनच्या खोलीत सगळा मजला जमला होता. सुगंधाने चकल्या आणल्या. अंगण आलं, घोळका आला, मालनचं नाक दिसलं, टाळ्या पडल्या. आणि एकदम टीव्ही काळा झाला.

"केबल गेली!" सहदेव उठला आणि सेटटॉप बॉक्सवर दणादणा हात मारू लागला. दुसरं कोणी वायर हलवली, कोणी खालच्या केबलवाल्याला फोन लावला, सुगंधा म्हणाली बिल भरलं नसेल. या गदारोळात टीव्हीतून कोण काय ओरडलं ते एकालाही ऐकू आलं नाही. चित्र परत आलं तेव्हा साबणाची जाहिरात सुरू होती.

"तुझं वाक्य कधी आहे गं?" सुगंधाने विचारलं.

"होऊन गेलं," मालन म्हणाली.

सहदेव बॉक्सजवळ हात तसाच उगारून उभा होता. मालनला आधी रडू येईल असं वाटलं, आणि मग त्याचा तो हात बघून ती हसायला लागली.

"अवो, ट्यूब बंद करा," ती म्हणाली. "दार पण लावा."

सहदेवने निमूट बटण दाबलं, टीव्हीही बंद केला. खोलीत काळोख झाला, चकली चावायचा आवाज थांबला. मालनने पदर सावरला, श्वास भरला आणि पोटातून ओरडली. वरच्या मजल्यावरचे प्रबुद्ध कांबळे लुंगी सावरत जिन्यावरून धावत आले आणि दारावर थापा मारत विचारू लागले, "काय झालं? कोण गेलं?"