आनामोआची हाक

प्रभात उजळली ती पाचूच्या पाण्यावर, प्रवाळाच्या शुभ्र कड्यावर, आनामोआच्या माडांच्या माथ्यावर. नीलसागरातले हे इवलेसे गाव. पण ताठा असा, की समुद्रानेही दाराशी यावे आणि पायरीवरच थांबावे!

या तीरावर कोण नाही आले? देवमासे मारणारे आले, धर्म सांगणारे आले, खोबरे मागणारे आले, तोफा मिरवणारे आले. सारे गुडघाभर पाण्यात थांबले. गावच्या स्त्रीने पूर्वजांची नावे घेऊन हाक दिल्यावाचून इथल्या वाळूवर पाऊल ठेवायचे नाही, हा रिवाज. तोफवाल्यांचेही त्यापुढे काही चालले नाही. आणि मला विचाराल तर, गावाचे सारे वैभव ते एवढेच.

आज उपसागरात पर्यटकांचे एक धवल, प्रासादतुल्य जहाज उभे होते. त्याच्या होड्या किनाऱ्याकडे निघाल्या, आणि हाक देणाऱ्या वृद्ध वाइतेआचा गळा तापाने पार बसलेला.

"आजी, आजच्या दिवस येऊ द्या तसेच," गावप्रमुख माहुरू म्हणाला. "पाहुणे खोळंबतील."

"एकदा तसेच आले, की कायमचे तसेच येतील," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मग गाव कसलं? नुसता किनारा उरेल." तिने सुनेकडे पाहिले. "तेहानी, तू दे."

तेहानी दूरच्या बेटावरून लग्न होऊन आलेली. लाटांच्या काठाशी ती उभी राहिली, आणि तिने स्वर उंचावला. निर्मळ, निळा, निःशंक स्वर! पण हाय! ओठांवर आली ती माहेरच्या पूर्वजांची नावे. किनारा चपापला. तीही चपापली, आणि हाक अर्ध्यावरच तुटली. जहाजाचा टोपीवाला अधिकारी होडीतून उतरून पाण्यातून खुशाल पुढे चालू लागला.

"अगं, ही आपली माणसं नव्हेत!" माहुरूने कपाळाला हात लावला.

वाइतेआ सुनेला खेटून उभी राहिली. "सुनेची माणसं ती आपलीच. आपला मूळपुरुष तरी कुठे इथे उगवला होता? तोही होडीतूनच आला. म्हण पोरी, पुन्हा म्हण. आधी तुझी, मग आमची."

आणि तेहानीने नावे म्हटली. माहेरची, सासरची, एकाच श्वासात गुंफलेली. स्वर चढला, कड्यांवर आदळला, पाण्यावर पसरला. अधिकारी जागीच थबकला. त्याने टोपी काढली. त्याच्यामागे रंगीत छत्र्या मिटल्या, हसणी थांबली, आणि सारे पाण्यातच निमूट उभे राहिले.

अभिमानाने वाइतेआचा ऊर भरून आला. हाक संपली, तेव्हा तिने सुनेचा हात धरून उंच उचलला. आणि आनामोआच्या वाळूवर, कोवळ्या उन्हात, पाहुण्यांची ओली पावले हलकेच, हलकेच उमटू लागली.