मोकळा हात

"पोट फाडायचंच असेल तर जागेपणी फाडा. निदान ओरडता तरी येईल," निकानोरा म्हणाली.

भूल देणारी डॉक्टर लिदिया तिच्या खाटेवर टेकली. कॉन्सेप्सिओनच्या बसस्थानकावर चिपा नावाचे चीजचे पाव विकणारी ही बाई मागे पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये मधेच जागी झाली होती. अंग लुळं, पापणीसुद्धा हलेना. सुरी मात्र कळत होती. नंतर सांगितलं तर सगळे म्हणाले, स्वप्न पडलं असेल. आता पोटात गाठ होती.

"मी झोपलेय की नाही, हे तुम्हाला कळणार कसं?"

"कपाळाला पट्टी लावून ते बघायचं यंत्र आपल्याकडे नाही," लिदियाने खरं ते सांगितलं. "पण अंग लुळं करणारं औषध देण्याआधी तुमच्या एका दंडाला पट्टा आवळते. त्या हातात औषध उतरणार नाही. तो हात मी धरून बसेन. जाग आली की दाबा."

"माझा कान पिळतेस ना, तसा दाब," तिचा नवरा एउसेबिओ म्हणाला.

निकानोरा हसली आणि तयार झाली.

सर्जनने पोट उघडलं आणि आत चाचपून पाहिलं.

"सगळीकडे पसरलंय," तो म्हणाला. "काढण्यासारखं काही उरलेलं नाही. शिवून टाकू."

लिदियाच्या तळव्यात निकानोराची बोटं घट्ट आवळली गेली.

"थांबा!" लिदिया ओरडली. तिने भूल वाढवली. "निकानोरा, मी आहे. झोपा." बोटं सैल पडेपर्यंत ती तेच म्हणत राहिली.

संध्याकाळी लिदिया वॉर्डात आली. निकानोराला काही सांगू नका, असं एउसेबिओने सगळ्यांना विनवलं होतं.

"गाठ गेली बघ, समूळ!" तो बायकोला सांगत होता.

"बरं झालं. देल्मिराला फोन लाव. म्हणावं, ये."

"अगं, ब्वेनोस आयरेसहून? आता बरी झालीस तू. कशाला पोरीचं काम बुडवायचं?"

"बरी झाले म्हणूनच. लाव तू."

तो फोन घेऊन बाहेर गेला.

"दुखलं का हो?" लिदियाने विचारलं.

"नाही. नुसतं ऐकू आलं."

लिदियाने तिचा तोच हात हातात घेतला.

"मला ठाऊक आहे हे त्याला सांगू नका, डॉक्टर," निकानोरा म्हणाली. "त्याला खोटं बोलता येत नाही. आज बिचारा केवढ्या कष्टाने बोलला."

बाहेर व्हरांड्यात फोन नीट लागत नव्हता. एउसेबिओ ओरडून सांगत होता, "बरी आहे गं! आई एकदम बरी आहे!"