खाऱ्या पाण्यातले हात

अंजनाची, माझ्या बायकोची, दोन बाळंतपणं सहाव्या महिन्यातच संपली होती. पोरं जगली नाहीत. तिसऱ्या खेपेला निपाणीतल्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, "हिचं मन रमवा." साल त्र्याऐंशी. मी तेव्हा निपाणीहून वेंगुर्ल्याला मुक्कामी जाणाऱ्या एसटीवर कंडक्टर होतो. तिथल्या एका लॉजमध्ये काचेच्या पेटीत समुद्राचे मासे पाहिले आणि माझ्या डोक्यात किडा शिरला.

मी हौशी माणूस, पण अक्कल बेताचीच. लोखंडी अँगलची पेटी करून घेतली, काचा लांबी म्हणजे पुट्टी लावून बसवल्या, बेळगावातून हवेचा पंप आणला. पहिल्यांदा नळाच्या पाण्यात स्वयंपाकाचं मीठ कालवलं. मासे संध्याकाळही बघू शकले नाहीत. मग तेलाच्या रिकाम्या डब्यांतून समुद्राचं पाणी गाडीच्या टपावरून आणायला लागलो. ड्रायव्हर आण्णाप्पा म्हणायचा, "समुद्र निपाणीला हालवतोस व्हय रं?" पेटीतलं पाणी आटलं की वरून गोडं पाणी घालायचं, खारं नाही, कारण मीठ आटत नाही, हे कळेपर्यंत आणखी चार मासे गेले.

अंजना दिवसभर पेटीशेजारी विड्या वळत बसायची. पान आणि तंबाखू मी कारखान्यातून सायकलवर आणून द्यायचो. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले तीन मासे तिला ओळखायला लागले. मांडीवरचं सूप बाजूला सारून ती सुका जवळा बोटांनी चुरायची आणि बोटं तशीच पाण्यात धरायची. मासे येऊन बोटांना टोचायचे. इतक्या दिवसांनी ती हसताना दिसली, म्हणून मीही खूश होतो. आठवड्यात तिन्ही मासे उलटे तरंगले.

मी वाळू बदलली, पाणी बदललं, नवे मासे आणले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मासे आणले आणि अंजना आठ दिवस संकेश्वरला माहेरी गेली. तेवढे दिवस माझी आई चमच्यानं जवळा टाकायची. मासे मजेत होते. अंजना परत आली, चार दिवस तिनं खाऊ घातलं, आणि एक मासा आडवा झाला.

माझं टाळकं सरकलं. "तुझ्या हाताला गुणच न्हाय गं! तुझ्या हातात कायबी जगत न्हाय," मी म्हणालो.

पाच महिन्यांच्या पोटुशीला मी हे बोललो. ती उठली आणि जर्मनच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, पातेल्यात हात धुवायला बसली. पाणी चहासारखं झालं. दारात उभी असलेली आई ते बघून सहज म्हणाली, "मिरचीवरच्या मावा किडीला आमी ह्येच मारतो की, तंबाकूचं पाणी. एका दिसात किडं खलास."

अंजनानं पातेल्यात पाहिलं, मग पेटीकडे, मग आपल्या पोटाकडे.

"पयल्या दोघांच्या टायमालाबी मी इड्याच वळत हुतो," ती म्हणाली. "म्हंजे मीच मारलं व्हय त्यास्नी?"

तंबाखू घरात आणणारा मी होतो. ते तेव्हाच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

पान-तंबाखू त्याच दिवशी परत केली. दिवस भरले आणि मुलगी झाली. मूठभर जीव, पण जिवंत. तिला पाजायला माझी आईच अंजनाच्या छातीशी धरायची, कारण अंजना हात पाठीमागे घेऊन बसायची. दिवसातून दहा वेळा साबण लावायची. कातडी फुटून रक्त आलं, तरी बोटं नाकाशी नेऊन म्हणायची, "आजून वास येतोय."

बाराव्या दिवशी बारशाला बायका जमल्या. अंजना मोरीतून आली आणि कोपरापर्यंत ओले हात तिनं माझ्यापुढे धरले.

"तुमी हुंगा. आता घेऊ तिला?"

मी हुंगले. नुसता साबणाचा वास होता.

"घे," मी म्हणालो.

ती वाकली, पोरीच्या गालापाशी हात नेला, आणि तसाच मागे घेऊन पुन्हा मोरीकडे गेली. पोरीला पाळण्यात माझ्या आईनं घातलं.