तोंडातल्या टाचण्या

टेलरला सुईत दोरा ओवता येईना. थुंकी लावली, डोळे बारीक केले, तरी दोरा आपला बाजूने निसटतोय.

"डोळे गेले की काय?" काजं करत बसलेली बायको म्हणाली.

"डोळे नाहीत गं, डोकं गेलंय."

कारण समोरच होतं. रस्त्यापलीकडे मुलींची शाळा. तिथले गणवेश वर्षानुवर्षं हाच शिवायचा, आणि त्याची एकुलती एक लेक तिथेच शिकलेली. माजी विद्यार्थिनींचा मेळावा परवावर आला होता. नाव काढलेल्या मुलींचे फोटो हॉलच्या भिंतीवर लागले होते. लेकीच्या फोटोखाली लिहिलं होतं, डॉक्टर.

लेक डॉक्टर नव्हती. मोठ्या हॉस्पिटलच्या शवागारात कामाला होती. पोस्टमॉर्टेम झालं की देह शिवायचा, धुवायचा, नीट करून घरच्यांच्या ताब्यात द्यायचा. हे तिचं काम.

मग हे डॉक्टर आलं कुठून? तर एकदा एक गिऱ्हाईक बाई माप देत होत्या. टेलरच्या तोंडात टाचण्या. बाईंनी विचारलं, "मुलगी हॉस्पिटलात ना तुमची? डॉक्टर का?" तोंडात टाचण्या असताना माणूस काय बोलणार? हा "हूं" म्हणाला. पुढे टाचण्या काढल्या. तेव्हा सांगता आलं असतं. नाही सांगितलं! ऐकायला गोड वाटलं. बाईंनी गल्लीभर केलं आणि गल्लीने शाळेत पोचवलं.

आता अडचण अशी की या मेळाव्यात मुलगी स्वतःबद्दल बोलत नाही. शाळेची पद्धतच तशी. घरचं माणूस माइकवर येतं आणि सांगतं, आमची लेक काय करते ते. म्हणजे हे खोटं टेलरला स्वतःच्या तोंडाने बोलायचं होतं, लेकीच्या समोर.

संध्याकाळी लेक आली. चप्पल काढता काढता म्हणाली, "बाबा, परवा काय सांगणार आहात?"

"लिहिलंय तेच. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"त्या मुठीत माझा जीव गुदमरतोय, त्याचं काय?"

"आणि खरं सांगून दुकानात कोण येईल? तुझं लग्न..."

"लग्न गेलं उडत! पूर्वी गणवेशांची तुरपाई, काठाचे बारीक टाके, सगळं माझ्याकडे असायचं. ही नोकरी लागली आणि तुम्ही मला गिऱ्हाइकाच्या कपड्याला हात लावू देत नाही. मी कोपरापर्यंत हात धुऊन येते बाबा. काय चिकटलंय माझ्या हातांना?"

टेलर मापाची टेप गुंडाळायला लागला.

"बोला की," बायको म्हणाली. "आता तर तोंडात टाचण्या नाहीत."

लेक शांतपणे म्हणाली, "तुम्ही डॉक्टर म्हणालात तर मी स्टेजवर येणार नाही. मैत्रिणीकडे खोली बघून ठेवलीय. मेळाव्यातूनच तिकडे जाईन. ज्या घरात मी सांगण्यासारखी नाही, तिथे राहू कशी?"

ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. राग निवतो. हे तिचं ठरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाई स्टेजचा पडदा न्यायला दुकानात आल्या. पडदा घडी करून दिला तरी उठेनात.

"काका, फोटोखालची ती पाटी खोटी आहे, मला माहितीये."

टेलरच्या हातातली कात्री खाली पडली. "मग काढली का नाही बाई?"

"तुम्ही काढाल म्हणून. आणि चूक आमचीही आहे. आम्ही भिंतीवर डॉक्टर आणि अधिकारीच लावत आलो. मग बाप खोटं बोलणार नाही तर काय?" बाईंनी पडद्याची घडी मांडीवर घेतली. "माझी धाकटी बहीण रस्त्यावर अपघातात गेली, ते तुम्हाला माहितीये. चादर वर करायची माझी छाती होत नव्हती. वाटलं, बघवणार नाही. पण बघवलं काका. कपाळावर इतके बारीक टाके, वर केस विंचरून आणलेले. आईला तिच्या गालावरून शेवटचा हात फिरवता आला. ते टाके बघूनच मी ओळखलं, शवागारात आत कोण काम करतं ते. माझ्या शाळेतल्या पोरी तीच तुरपाई घालून फिरतात!"

टेलरने पडलेली कात्री उचलली.

"जिवंत माणसाला नीट शिवलं नाही तर तो भांडायला येतो," बाई म्हणाल्या. "मेलेला येत नाही. तरी ती नीट शिवते. याच्याहून मोठं नाव काय काढायचं असतं, सांगा मला."

मेळाव्याच्या दिवशी हॉल भरला होता. लेक शेवटच्या रांगेत, दाराजवळ, मांडीवर बॅग घेऊन. आधीचे बाप, भाऊ, नवरे छाती फुगवून बोलून गेले. मग टेलरला बोलावलं.

तो माइकपाशी गेला.

"माझी लेक डॉक्टर नाही," तो म्हणाला. हॉलमध्ये कुजबुज झाली. "ती शवागारात काम करते. गेलेल्या माणसांना शिवते. टाका मी शिकवलाय तिला. लाज मात्र माझी होती, तिची नाही. ये बाळ, वर ये."

टाळ्या? मोठ्या बाईंनी वाजवल्या, बायकोने वाजवल्या, आणखी चारदोन. बाकीचे एकमेकांकडे बघत राहिले. एक बाई तर "शी!" म्हणाल्या. खोटं कशाला सांगू? पण दाराजवळची लेक उठली. बॅग खुर्चीवरच ठेवली आणि सगळ्यांच्या नजरांमधून चालत स्टेजवर गेली.

पुढच्या आठवड्यात दोन बायका आपली कापडं न शिवताच परत घेऊन गेल्या. टेलरने घडी करून दिली. मग लेकीला हाक मारली, "बाळ, ही तुरपाई घे गं. आत नको, इथे पुढे बस. उजेडात."

मंडळी, मुलगी शिकली की तिचं कौतुक करायला आपण सगळे पुढे असतो. पण तिने निवडलेलं काम सांगताना जीभ अडखळत असेल, तर ते कौतुक आपण आपलंच करत असतो, तिचं नाही. मरणाचा दिवस आपल्या सगळ्यांच्याच घरी यायचाय. त्या दिवशी आपलं माणूस कुणाच्या हातात असावं वाटतं? मग त्या हातांना आजच मान द्या की!

लेक काय करते, असं टेलरला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. तो आधी तोंडातल्या टाचण्या काढतो. सगळ्या. मग सांगतो.